पिनबॉलच्या पेटीवरचे दोन वाघ

आबा, तुमच्या हातचा वाघ काल पुन्हा पाहिला. हिंगोलीत भंगारवाल्याच्या दारात पिनबॉलच्या पेटीची एक फळी टेकवून ठेवली होती. मी बोट फिरवलं. पिवळ्यावर तांबडा, तांबड्यावर काळा, एकेक थर अजून बोटाला जाणवतो. जत्राभर लोकांच्या बुक्क्या खाऊन, पावसात भिजून वाघ शाबूत. तुमचा जीव सुखावला असता. मी बोट मागं घेतलं.

हिंगोलीजवळच्या गोरेगावची आपली पत्र्याची खोली. जत्रेतला खेळवाला जुन्या पेट्या रंगवायला टाकून जायचा. रेशमी जाळी ताणलेली चौकट तुम्ही फळीवर दाबून धरायचात, मी रबराच्या पट्टीनं रंग ओढायची. एक वाळला की दुसरा. सगळं वाळलं की तुम्ही सायकलची चेन काढून पेटीला झोडपायचात. "जत्रंत काय हिची आरती करणार हायेत? मार खाऊन टिकलं तेच खरं," म्हणायचात. आम्हा लेकरांनाही तोच न्याय. फक्त आम्हाला वाळायला वेळ मिळत नव्हता.

मग दादा नांदेडहून पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं घेऊन आला. "आबा, एकेका रंगापायी दिवस काहून घालवायचा? हे पाहा." ओला कागद सरकला आणि फळीवर वाघ उतरला, झळझळीत, मिशीचा केस न् केस दिसणारा. आपल्या वाघाला मिशाच नव्हत्या. जाळीतून इतकी बारीक रेघ उतरायचीच नाही. मला तो आवडला, आबा. फार आवडला. तुम्ही चेन उचललीत. पहिल्याच फटक्यात त्याचं तोंड सोलून निघालं. तुम्ही जिंकला होतात, तिथं थांबायचं होतं. पण तुम्ही वळलात. दादा हात आडवे धरतोय, ओरडतोय, "आबा, मी काय पेटी हाव का? लेकरू हाव तुमचं!" आणि चेन येतेच आहे, मनगटावर, कानशिलावर. आई मधे पडते, तिच्या पाठीवर. दादाच्या कानाची पाळी फाटून लोंबते आहे. मी रबराची पट्टी घट्ट धरून भिंतीला चिकटले आहे. फळीवर रक्त उडालं, ते तुम्ही लगेच ओल्या फडक्यानं पुसलंत. रंग खराब होईल म्हणून.

दादा तसाच जीपमध्ये बसून गेला तो गेलाच. आई मरेपर्यंत प्रत्येक जीपकडे मान उंच करून बघायची. आणि तुम्ही पाहुण्यांसमोर कौतुकानं सांगायचात, "पोरगं कच्चं निघालं. ही टिकली, बराबर माझ्यावर गेली." मला तुमची शिसारी यायची, आबा. अजून येते.

हे लिहिलेला हा कागद आता चुलीत घालणार आहे. त्याआधी एक सांगते. तुम्ही गेलात तेव्हा बायका रीतीप्रमाणे तुमच्या पायांचे अंगठे बांधत होत्या. मी म्हणाले, हातही बांधा. आमच्यात तशी पद्धत असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी दोरी घट्ट आवळली, मी गाठ ओढून पाहिली, आणि मगच तुमच्याजवळ येऊन बसले.