हरवलेल्या बाबाला घेऊन

अगं,

ड्यूटीवरून येशील तेव्हा घर रिकामं दिसेल, घाबरू नकोस. दोघांना घेऊन मी वनस्पती उद्यानात गेलोय. हो, त्याच. गेल्या महिन्यात धाकटी वीस मिनिटं सापडत नव्हती, तिथेच.

तेव्हापासून तू मुलांना माझ्याबरोबर एकटं कुठे पाठवलं नाहीस. मीही गप्प बसलो, कारण चूक माझीच होती. मी फोनवर बोलत होतो. आज फोन फ्रिजवर ठेवून निघालोय, विसरून नव्हे, मुद्दाम.

सकाळी दात घासताना धाकटी दादाला ऐटीत सांगत होती, "त्या काचेच्या घरात बाबा हरवला होता. मी निवडुंगापाशी उभी राहिले, म्हणून सापडला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आज परत जाऊ या. भिऊ नकोस, मी तुझा हात धरते."

तिच्या मनात काहीच राहिलेलं नाही गं. धसका घेतलाय तो आपण दोघांनी.

तुला आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण तू नाही म्हणाली असतीस आणि मी मुकाट्याने ऐकलं असतं. जेवण झाकून ठेवलंय, खाऊन जरा पड. पाचच्या आत घरी येतो, तिघंही.