हेराल्डचं तोंड

देवरूख,
१२ फेब्रुवारी

प्रिय काशीदादा,

फोन केला की तू आप्पांची तब्येत विचारतोस आणि "बरं, ठेवतो" म्हणतोस. म्हणून पत्र लिहायला बसले. पत्रात तरी माझं बोलणं पुरं होईल.

दादा, आपली हेराल्ड गाडी पुन्हा रस्त्यावर आली! मुंबईच्या शेटने आप्पांना निवृत्तीला दिलेली, उघड्या टपाची, तीच. तेहतीस वर्षं मांगरात गवताच्या भाऱ्यांखाली पडली होती. काल आप्पांना बसवून मी ती देवरूखच्या बाजारपेठेतून फिरवून आणली. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या.

गेल्या गणपतीनंतर आप्पा एकदा मांगरात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. बघते तर चेचलेल्या डाव्या दारावर हात ठेवून उभे. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, डोळ्यांना धड दिसत नाही, आणि बोटांनी पोचे चाचपतोय. त्या दिवशी ठरवलं. रिक्षांचे टप आणि सीट शिवण्यात माझं आयुष्य गेलं, हेराल्डचा टप म्हणजे काय मोठं? लाल रेक्झिन आणलं आणि आठ दिवसांत शिवून काढला. इंजिनही लवू मिस्त्रीने चालू केलं, खोकत खोकत का होईना. पण तो म्हणाला, "शकूताय, इंजिनाचं सगळं मिळतं. पत्रा कुठून आणायचा?"

तुला आठवतच असेल, हेराल्डचं बॉनेट म्हणजे गाडीचं अख्खं तोंडच. दिवे, मडगार्ड, सगळं एका तुकड्यात, पुढच्या बाजूला उलटं उघडणारं. आपलं तर दारासारखंच चेचून गेलेलं. लवूने पत्रा ठोकून एक बनवलं, पण ते गाडीवर बसेना. एक डोळा वर, एक खाली. मला हसू आलं आणि मग रडू आलं. कोल्हापूरच्या भंगारवाल्याने दार पाठवलं ते उजवं. परत केलं. मग डावं आलं, पण चार दारांच्या हेराल्डचं, आखूड. शेवटी गोव्याच्या एका गॅरेजमधून बरोबर दार मिळालं. हिरवं होतं, पण मी त्याला मिठीच मारली.

तोंड मात्र मिळेना. मी गाडीचा जुना फोटो दुकानात लावला आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत सुटले. दिवाळीनंतर दाभोळचा सूरज टेम्पोची सीट शिवायला आला. फोटो बघून म्हणाला, "हे तर आमच्या जानूबायच्या कोंबड्यांचं घर!"

दुसऱ्याच दिवशी लवूला घेऊन दाभोळ गाठलं. खाडीकाठी माडांच्या बागेत, चार चिऱ्यांवर टेकवलेलं, अख्खं बॉनेट! दिव्यांच्या भोकांतून दोन कोंबड्या आमच्याकडे बघत होत्या. जानूबायच्या नवऱ्याची गाडी कधीच भंगारात गेली, हे एवढं त्याने हौसेने ठेवलेलं. आता तो नाही. पैशाचं नाव काढलं तर म्हातारी भडकली. "न्हेशील तू. माझ्या कोंबड्यांनी जायचं खंय?" मग मी लवूकडून लोखंडी सांगाडा करून घेतला आणि त्यावर रिक्षाचा टप शिवला, मागे खिडकीसकट. जानूबायने तो चारी बाजूंनी ओढून बघितला, कोंबड्यांना आत घातलं आणि म्हणाली, "न्हे बाय तुझं तोंड." येताना लवू आणि मी टेम्पोत बॉनेट धरून बसलो होतो, नवरी आणावी तसं.

ते गाडीवर ठेवलं, चार बोल्ट लावले, आणि खट्‌कन बसलं. लवूने टोपी काढून उडवली. सगळ्याला मग शेटच्या वेळचाच पांढरा रंग दिला.

दादा, आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. काल बाजारातून परत येताना शाळेचा उतार आला. तेहतीस वर्षांपूर्वी गाडी आदळली तोच चिऱ्यांचा गडगा. गाडी मी अलगद खाली आणली. आप्पा म्हणाले, "झकास उतरवलीस. तुला गाडी शिकवली कोणी?" इतक्या वर्षांत कोणी मला हे विचारलंच नव्हतं. मी गाडी थांबवली आणि सांगितलं: "काशीदादाने. ह्याच उतारावर. त्या दिवशी गाडी तो चालवत नव्हता, आप्पा. मी चालवत होते. हात त्याचा मोडला, आणि मोडल्या हाताने तो माझ्या जागी येऊन बसला. तुम्ही त्याला घराबाहेर काढलंत आणि मी गप्प राहिले." आप्पांनी डाव्या दारावर हात ठेवला. मग म्हणाले, "सतरा वर्षांची पोर होतीस तू. मी तर बाप होतो, मी तरी विचारायला हवं होतं." आणि दादा, ते रडले. आईच्या वेळीही रडले नव्हते. आज सकाळी खालच्या वाडीतला भागोजी आला, येत्या रविवारी मुलाच्या वरातीला गाडी द्याल का विचारायला. मी तोंड उघडायच्या आत आप्पा काठी टेकून ओटीवर आले आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "देतो की! ड्रायव्हर आमचा काशीराम. मुंबईहून येतोय."

वाट बघणारी तुझीच,
शकू