फॉर्मवरचं नातं

वारंगा फाटा,
ता. १८ मे २०२५

प्रिय शिलाताई,
सप्रेम जय भीम.

आमी सगळे बरे आहोत. माझी रागिणी दहावी पास झाली. ऊन लई आहे. जनका काकू आठ दिवसांपासून आमच्याकडंच आहे. तुझे फोन मी उचलले न्हाईत. "काकू शिरड शहापूर सोडून तुझ्याकडं काहून?" असं तू विचारशील, आन बोलून मला सांगता येणार न्हाई.

दुकान तुला माहीत आहे. नाव कंपनीचं, माल कंपनीचा. जागा आन डिपॉझिट आपलं. फ्रिज, कूलर, दिवाण भाड्यानं द्यायचे. दोन वर्षं भाडं भरलं की वस्तू गिऱ्हाइकाची. दोन महिने चुकले की उचलून आणायची. नात्यातल्या माणसाला माल द्यायचा न्हाई, हाही नियम. काकूला इन्सुलिन ठेवायला फ्रिज पाहिजे होता. मी दिला, आन फॉर्मवर 'नातं नाही' लिहिलं.

फेब्रुवारीपासून तिचा पाय दुखून राहिला होता. मजुरी बंद. तिचं भाडं मीच भरणार होतो. राहून गेलं. खरं सांगायचं तर ती मागेल म्हणून थांबलो. ती मागणाऱ्यातली न्हाई, हे मला माहीत होतं.

एप्रिलमधी नांदेडहून कंपनीचे साहेब आले. भाडं थकलेल्यांच्या यादीत चार नावं, शेवटचं काकूचं. टेम्पोत ते माझ्या शेजारीच बसले होते. ही माझी काकू आहे, हे शिरड येईपर्यंत मी सांगायचं ठरवत होतो.

काकू दारात होती. मला बघून हसली. मग तिनं साहेबांच्या हातातला कागद बघितला, मग माझं तोंड.

"या साहेब," ती मला म्हणाली. "फ्रिज न्यायला आले व्हय? थांबा, औषध काढून घेते."

साहेबांनी विचारलं, "बाई, घरात दुसरं कोणी आहे का? सही लागेल."

"न्हाई. माझं कोणी न्हाई इथं. अंगठा चालतो का?"

औषध ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं माठापाशी ठेवलं. मी फ्रिजची एक बाजू धरली.

दुसऱ्या दिवशी भाडं भरून फ्रिज परत नेता आला असता. मी गेलो न्हाई. लाज वाटली. बारा दिवसांनी तिच्या शेजारच्या यशोदाबाईंचा फोन आला, काकू उठत न्हाई. साखर पाचशेच्या वर गेली होती. औषध गरमीनं खराब झालेलं. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

डॉक्टरांनी विचारलं तर काकू म्हणाली, "मीच बाहेर विसरले."

आता जेवते. रागिणी तिला सुई देते. दुकान सोडायचा अर्ज मी दिलाय, डिपॉझिट बहुतेक जाईल. त्या दिवसाबद्दल काकू एक शब्द बोलत न्हाई. तुला कळवू नको म्हणते.

तू ये. आन तिच्यासमोर मला बोल, काय बोलायचं ते. ती बोलत न्हाई, ते सोसत न्हाई.

काकूला ओळख न दिलेला,
तुझा भाऊ
रणजीत