पेटीतली रिकामी खाच

॥ श्री ॥

मुलुंड, कार्तिक वद्य पंचमी, शके १८७६

स्वतः निराकार असून ज्याने सकळ आकार रेखिले, त्या श्रीहरीच्या कृपेचे स्मरण करून मगच विषयास हात घालतो. कारण विषय रंगांचा आहे आणि त्यात माझे हात चांगलेच माखले आहेत.

चिरंजीव विद्याधर यास मार्तंडदादाचे अनेक आशीर्वाद. तुझा दमा कसा आहे? पुण्याच्या शाळेत चित्रकलेचा तास अजून शेवटचाच ठेवतात काय? येथे तुझ्या वहिनीचे गुडघे आणि माझी पचनशक्ती यांत आधी कोण हार मानते, एवढेच पाहावयाचे उरले आहे.

जयवंताला जाऊन वर्ष होत आले. (विषमज्वराने माझा मुलगा नेला तेव्हा मी पलीकडच्या खोलीत मृत्युंजयाचा जप करीत होतो, हे तू पाहिलेच आहेस.) तेव्हापासून सूनबाई शुभा कामापुरती हलते, होय-नाहीपुरती बोलते, आणि ताटातला भात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस नेऊन उठते. डॉक्टर म्हणाले, शरीराला रोग नाही. हातांना आवडीचे काही द्या, नाहीतर ही मुलगी अशीच विझत जाईल. माहेरी ती चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेत पहिली आली होती, हे तुझ्या वहिनीस आठवले. म्हणून रंग भेट द्यावेत असे ठरले; आणि गंध व भस्म यांपलीकडे ज्याला रंग ठाऊक नाहीत, त्या माझी मुंबईस कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, रंगांच्या दुकानात रवानगी झाली.

दुकानदाराने विचारले, "तेलातले की पाण्यातले?" मी म्हणालो, जे अशक्त माणसाला सोसेल ते. त्याने एक कुंचला पुढे केला. टोचतो की काय हे मी गालावर फिरवून पाहिले, तोच तो म्हणाला, "डुकराचे केस आहेत काका, एकदम कडक माल." (घरी आल्यावर मी दोनदा स्नान केले.) दुसरा कुंचला खारीचा निघाला. जिच्या पाठीवर प्रभू रामचंद्रांची बोटे फिरली तिची शेपटी कापलेली पाहून मी मनोमन तिची क्षमा मागितली. परंतु वराहापेक्षा खार बरी म्हणून तोच प्रकार घेतला. वराह हाही अवतारच, हे परतीच्या वाटेवर आठवले. घरी शुद्धीसाठी तुळशीची पाने घालून कुंचले उकळले, तर सरस सुटून केस पाण्यावर तरंगू लागले आणि हाती काड्या राहिल्या. पुन्हा कोटात गेलो. "केलंत काय ह्यांचं?" दुकानदाराने विचारले. संस्कार, एवढेच म्हणालो.

आता मुख्य गोष्ट. पेटी उघडली तेव्हा वड्यांच्या ओळीत मधोमध तांबडी वडी होती. विधवेच्या हाती तो रंग द्यावा काय, याचा मी ग्रंथांत पुष्कळ शोध केला. कुंकू सापडले, तांबूल सापडला, रंगीत वस्त्र सापडले. रंगाची पेटी कोठेच सापडली नाही. ग्रंथकार गप्प, तेव्हा सावधगिरी म्हणून मी ती वडी काढून देव्हाऱ्यात देवीच्या पायाशी ठेवली. अभिषेकाच्या पाण्याने ती विरघळली आणि माझे सोवळे असे माखले की शेजारच्या सुगंधाबाई मला कोठे लागले आहे हे विचारावयास धावत आल्या.

शुभाने भेट घेतली. रिकाम्या खाचेवरून तिने एकदा बोट फिरवले. पण ती चित्र काढू लागली, आणि ताटातला भात संपू लागला.

परवा चित्र पुरे झाले. त्यात तुझी वहिनी तांदूळ निवडते आहे. नथीचा मोती, हनुवटीवरचा तीळ, सगळे हुबेहूब. कपाळ तेवढे कोरे. वहिनीने सूप टाकले आणि माझ्याकडे निरखून पाहिले. "अहो, तुम्ही बरे आहात ना?" मग शुभाकडे वळून, "का गं, माझं कुंकू कुठंय?"

"पेटीत तो रंगच नाही, आई."

विद्याधरा, शास्त्रास धरून वागताना मी स्वतःच्याच घरात, चित्रापुरता का होईना, वारलो. वहिनीने आत जाऊन आपला कुंकवाचा करंडा आणला आणि शुभापुढे ठेवला.

"मी कशी हात लावू?"

"तुला नाही, मला लावायचंय. लाव. ह्यांना जिवंत कर."

शुभाने कुंचला ओला करून त्यात बुडवला आणि चित्रातल्या कपाळावर टेकवला. मग जयवंत गेल्यानंतर प्रथमच ती मोठ्याने रडली. मी उठून पलीकडच्या खोलीत गेलो. या वेळी जप केला नाही.

तुझा,
मार्तंडदादा

ता. क. तांबड्या रंगाची एक वडी पुण्याहून टपालाने पाठव. कोटातला दुकानदार मला दुरून पाहताच हात जोडतो.

ता. क. दुसरा. एक पुरणार नाही. आज सकाळपासून तिने जयवंताचे चित्र घेतले आहे, लग्नाच्या वेषातले. चेहरा झाला, डोळेही झाले. पागोट्याची जागा कोरी ठेवून ती थांबली आहे, आणि ते पागोटे तांबडे होते हे तू जाणतोस. कुंकू त्याला पुरायचे नाही. शास्त्रार्थ मी मागाहून पाहीन. तू आधी रंग धाड.

हे पत्र ज्या कोणाच्या दृष्टीस पडेल, त्याच्या घरी कोणाचेही चित्र अर्धे न राहो.