टपालानं धरणं

बारामती,
ता. ११ नोव्हेंबर १९३८

चिरंजीव सोपान यास अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र दिवाळीच्या आत पोचलं. आम्ही सगळी बरी आहोत. रतन माझ्या खांद्याला लागली. तिच्या वडिलांची कालव्याची कचेरी नेहमीसारखीच. काटेवाडीची वांगी यंदा लवकर आली, पण घरात भाजी फारशी होत नाही. का, ते लिहीन.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. इंग्लंडात हप्त्यावर घेतलेल्या वस्तूच्या किमतीचा तिसरा हिस्सा फेडला, की ती कोर्टाच्या हुकमाशिवाय ओढून नेता येणार नाही, असा कायदा यंदा झाला म्हणतोस. तिथं सावकाराला परवाना लागतो, गिऱ्हाईक शोधत दारोदार माणूस धाडता येत नाही. फ्रान्सात कर्जापायी तुरुंग कधीचाच बंद झाला. अमेरिकेत काही राज्यांनी लहान कर्जाच्या व्याजाला हद्द घातली. आणि आपल्याकडं व्याज मुद्दलाच्या वर चढू न देणारी दामदुपटीची रीत आहे, हे ऐकून तू ज्यांच्याकडं कामाला लागलास ते वकीलसाहेब चकित झाले. तू कामाला लागलास, हे मला असं त्या ओळीतच कळलं. पगाराचं काही लिहिलं नाहीस.

भाऊबीजेला तुझ्या नावानं चंद्राला ओवाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर एक म्हातारी घोंगडी अंथरून बसलेली. वाटसरू असेल म्हणून मी तांब्या नेला. तिनं तो हातानं चाचपला आणि बाजूला सारला.

"पानी बी नगं. मी बापूसायबाची आई, द्वारका."

तेव्हा उमजलं. तुझ्या विलायतेसाठी बापूसाहेबांकडून रक्कम घेतली, त्या दिवशी तू म्हणाला होतास, "अक्का, कर्जखत तुझ्या नावावर करू. बाईला कर्जापायी तुरुंगात घालत नाहीत, तसा कायदाच आहे." किती हसलो होतो आपण. बापूसाहेबही हसले होते. आता त्यांनी बाईकडं बाई धाडली.

धरण्याची ही जुनी चाल तू विसरला असशील. देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचं. बसणारा उपाशी असेतो घरातल्यांनीही जेवायचं नाही. रतनचे वडील म्हणतात, "पोलिसात वर्दी देता येते." पण आंधळ्या म्हातारीला उचलायला शिपाई बोलवायचा, हे त्यांना जमत नाही, मला तर नाहीच. ती दिवेलागणीला घरी जाते, मग आमची चूल पेटते. रतन शेजारी सिंधुबाईंकडं दोन घास खाऊन शाळेत जाते. कचेरीत लोक यांना विचारतात, "काय, पाहुण्या अजून हायेत का?"

एका दुपारी मला राहवेना. माजघरात जाऊन डब्यातले मूठभर पोहे तोंडात टाकले. ओट्यावरून आवाज आला, "खावा, खावा. दिसत न्हाय मला, पर झाकनाचा आवाज येतो."

मी डबा तसाच सरकवून ठेवला.

"काकू, तुम्ही तरी का बसता हो असं?" बाहेर येऊन मी विचारलं.

"पोरानं बसिवलं. तुमी भावासाठी आंगठा दिला, मी पोरासाठी उपाशी. दोघी लई शान्या."

"अंगठा नाही हो, सही केली मी."

"मग तर जास्तच शान्या," म्हणाली आणि बोळक्या तोंडानं हसली.

आता आम्ही बोलतो. रात्रीच्या स्वयंपाकाचे तांदूळ मी तिच्यापुढं ठेवते. माझ्या नजरेतून सुटलेले खडे तिच्या बोटांना सापडतात.

परवा ती भोवळ येऊन ओट्यावरून खाली पडली. कपाळ फुटलं. मी हळद दाबली आणि बापूसाहेबांना निरोप धाडला. उलट निरोप आला, "रक्कम तयार ठेवा, आईला न्यायला येतो." काल ती डोक्याला फडकं बांधून पुन्हा हजर.

सोपान, ती माझ्या दारात मेली तर?

काल तिलाच म्हटलं, "काकू, हे मिटायचं कसं?"

"ज्यानं पैसं वापरलं, त्याच्या दारात बसा की तुमी."

"तो समुद्रापलीकडं आहे."

"मग टपालानं बसा."

मी हसले. मग हसू येईना.

तू परत येणार नाहीस, हे मला तुझ्या पत्रांतून कधीचंच समजलं आहे. त्याचं वाईट वाटत नाही, असं लिहिणार होते. लिहवत नाही. नसलास येत तर नको येऊस. पण तू माझ्यामागं लपलास आणि त्यापायी म्हातारीचं कपाळ फुटलं, ते मी आता झाकणार नाही.

तेव्हा हे पत्र तुझ्या दारात बसलं आहे असं समज. आजपासून रात्रीचं जेवणही मी सोडलं. म्हातारी जाते तेव्हा तिच्या घरी ताट वाढलेलं असतं. माझं तुझ्या उत्तरासाठी थांबलं आहे. फक्त रोज एक वाटी पेज घेईन, कारण तुझं टपाल यायला वेळ लागतो आणि मला तोवर टिकायचं आहे.

कुठल्या देशात यावर काय कायदा आहे, ते कळवू नकोस. तू काय करणार, तेवढं कळव.

तुझ्या उंबऱ्याशी बसलेली,
अक्का