नऊ दिवसांची पट्टी

कोल्हापूर, ता. ४ डिसेंबर १९०८

ती. आबांच्या चरणी बालके आकारामाचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. इथल्या दवाखान्यात हाडांची आणि चिरफाडीची उमेदवारी तीन वर्षांची आहे. नाताळाच्या आत होकार किंवा नकार कळवायचा आहे. तुम्ही सांगितलंत की शिकवणाऱ्याला काही विचारू नकोस, बरा होऊन जाणाऱ्याची चाल बघ. म्हणून रोज पायऱ्यांवर बसतो. आजवर अकराजण घरी गेले. सात सरळ चालत गेले, दोन लंगडत, आणि दोघांचा पाय कापलेला होता. आपण हाडं बसवून दिलेले याहून जास्त सरळ चालतात. पण ते दोघे आपल्याकडे आले असते तर जगले असते का, हे मला सांगता येत नाही.

उमेदवाराला पहिलं वर्षभर हाडाला हात लावू देत नाहीत. पट्टी बांधली की दर तासाला रोग्याची नखं दाबायची आणि लाली परत येते का ते बघायचं, एवढंच काम. मला तर हसू आलं. तुम्ही सांगाल तसं करीन. आईला नमस्कार, अंबूला आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
आकाराम

मलकापूर, ता. ९ डिसेंबर

चि. आकारामास केरबाचा अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर अंबूचं पाहून घाबरू नकोस. रविवारी गोठ्यात पाय घसरला आणि माझा उजवा हात मनगटाच्या वर मोडला. हाडवैद्याचंच हाड मोडलं म्हणून गाव हसतंय. मी सांगत गेलो तशी अंबूने बांबूच्या कामट्या लावून पट्टी आवळली. पोरीचा हात चांगला आहे. दोन दिवस कळा फार होत्या, कालपासून अगदी थांबल्या. म्हणजे हाडाने धरलं. रिवाजाप्रमाणे नवव्या दिवशी पट्टी सोडू.

नखं बघायला तीन वर्षं कशाला घालवतोस? ते तर आपला न्हावीही शिकवील. तरी पायऱ्यांवर आणखी आठवडाभर बस. घाईने नाही म्हणू नकोस.

तुझा,
आबा

दादा, हे खाली मी माझ्या मनाने लिहिते आहे, आबांना ठाऊक नाही. त्यांची बोटं निळसर दिसतात आणि गार लागतात. पट्टी सैल करू का म्हणून विचारलं, तर म्हणाले की नऊ दिवस व्हायचं हाईत, गप बस. मला भीती वाटते. अंबू.

कोल्हापूर, ता. ११ डिसेंबर

चि. अंबूस अनेक आशीर्वाद.

हे पत्र निसार टांगेवाल्याच्या हाती देतो आहे. वाचलंस की उभ्या उभ्या कात्री घे आणि पट्टी काप. आबा ओरडतील, ओरडू देत. मी शपथ घातली आहे म्हणून सांग. कळ थांबली म्हणजे हाडाने धरलं असं नाही गं, हाताचं रक्तच थांबलं आहे. ज्या नखांना मी हसलो ती याचसाठी बघतात, हे मला काल समजलं आणि आज तुझं पत्र आलं.

नख दाबून बघ. लाली येवो न येवो, त्याच टांग्यातून त्यांना घेऊन ये. मी खाट अडवून ठेवतो, डॉक्टरांचे पाय धरतो. दुसरं काही सुचत नाही. तू आवळलीस ती त्यांच्याच सांगण्यावरून, तेव्हा स्वतःला दोष देऊ नकोस. निघा.

तुझा,
दादा

मलकापूर, ता. १८ जानेवारी १९०९

चि. आकारामास आशीर्वाद. वि. वि.

हे डाव्या हाताने लिहितो आहे. चार दिवस लागले. अक्षराला हसू नकोस.

सकाळी उठलो की तांब्या घ्यायला उजवा हात पुढे करतो आणि मग आठवतं. मग गोठ्यात जाऊन रडतो. तुझ्या आईला दाखवत नाही. ज्या हाताने गावाची हाडं बसवली तो माझ्याच रिवाजाने गेला, हे गिळवत नाही. अंबू तर दहा दिवस धड जेवली नव्हती. आता लोक येतात तेव्हा मी सांगतो आणि ती बांधते. दर तासाला नखं बघते. नऊ दिवसांचा रिवाज मी मोडला.

तू लिहितोस की नाताळात पत्करलेली उमेदवारी सोडून घरी येतो. तिथल्या धाकट्या डॉक्टरांनी मला सांगितलं की हात कापताना तो तूच धरला होतास आणि जराही हलला नाहीस. तुला पायऱ्यांवर बसवून दवाखाना पारखायला लावला, पण खाटेवर पडून तो पारखला मीच. वेळेवर आलो असतो तर त्यांनी हात वाचवला असता. तू राहा.

निघालो त्या दिवशी पायऱ्या उतरताना तू वर उभा होतास. मी कुणाला धरलं नाही, सरळ उतरलो. तुझ्या पहिल्या पत्रातल्या अकरांपुढे मी बारावा. सरळ गेलेल्यांत धरायचा की कापलेल्यांत, ते तू ठरव.

लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
आबा