मेलेल्या माणसाचा नंबर

मोर्न-पास्काल, डॉमिनिका
९ मार्च १९९७

ती. यूजेनीताईस,
धाकट्या आन्सेल्मचा सा. न. वि. वि.

तिकडे विलायतेत ब्रॅडफर्डच्या थंडीत गुडघे कुरकुरतात म्हणतेस. इकडे ये. केळीचा घड डोक्यावर दिला की दोन दिवसांत गप्प बसतील.

गावची खबर बरी नाही. आजोबांच्या वेळी इंग्रजाने लिंबं लावा म्हटलं, लावली. बाबांच्या वेळी केळी लावा म्हटलं, तर लिंबं तोडून केळी लावली. झेंडा आपला होऊन अठरा वर्षं झाली, पण दर आठवड्याला बोट येते ती विलायतेचीच आणि भावही तीच ठरवते. त्यात आपल्या केळ्यांना तिथे मिळणारी सवलत बंद करा म्हणून अमेरिकेने तक्रार गुदरलीय. त्यामुळे आपल्या केळीवाल्यांच्या संघाने नियम कडक केलेत. दोनदा खराब खोकं निघालं की शेतकऱ्याचा खोक्यावर मारायचा नंबर रद्द, आणि नंबर गेला की बोट त्याचा माल घेत नाही.

पहिला नंबर गेला तो शेजारच्या क्लेमान्सकाकूंचा. विलायतेच्या गोदामातून दोनदा शेरा आला: एकशे सतरा, केळी आतून काळी. संघाच्या गावशाखेचा सचिव म्हणून भर सभेत मलाच वाचावा लागला. काकू म्हणाल्या, मी एकेक केळं लेकराचं तोंड पुसावं तसं पुसते. कुणी ऐकून घेतलं नाही. तुला ठाऊकच आहे, इर्जिकीची हाक आली की अख्खी आळी एकाच्या शेतात राबते. परवा काकूंनी हाक दिली, तर गावाचं नाव घालवलं म्हणून एकही माणूस गेला नाही. मीही गेलो नाही. सत्तरीची बाई एकटी चर खणत होती.

तुझ्या भाच्यांचे मुके. लोभ आहेच, तो गोदामात ठेवून पिकवू नकोस.

तुझा आन्सेल्म


ब्रॅडफर्ड
३१ मार्च १९९७

चि. आन्सेल्मास अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकटा असताना वाच.

गोदामात तुमच्या बेटाची खोकी उघडून तपासायचं काम माझ्याकडे आहे. जानेवारीत दोनदा काळी केळी निघाली. दोन्ही वेळा खोक्यावर एकशे चार होता, तुझा नंबर. तुझी तिन्ही पोरं डोळ्यांपुढे उभी राहिली आणि मी कागदावर एकशे सतरा लिहिलं.

तो क्लेमान्सकाकूंच्या जोसाफाकाकांचा नंबर. त्यांच्या मयताची बातमी तूच कळवली होतीस. मेलेल्या माणसाचं काय वाकडं होणार, असा विचार केला मी! नवऱ्यामागे बायको त्याच्याच नंबरावर शेती चालवते, हे इथल्या पंचवीस वर्षांत पार विसरले. लहानपणी ज्या बाईच्या हातची नीरफणसाची भाजी खाल्ली, तिचाच गळा कापला.

झोप उडाली आहे. साहेबाला सांगितलं तर नोकरी जाईल, आणि धनी तर दोन वर्षं घरीच बसून आहेत. काकूंना काय लिहू? तू सांगशील तसं करते. तुझ्या रागालाही माझी ना नाही, फक्त उत्तर धाड.

तुझी अभागी ताई


मोर्न-पास्काल
२० एप्रिल १९९७

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं तेव्हा तुला खूप शिव्या घातल्या. मग स्वतःला घातल्या. ती केळी माझीच होती. वाऱ्याने आडवी झालेली झाडं, बोटीचा दिवस, घरात पोरांच्या शाळेच्या फीची घाई. खाली पडून मार लागलेले घड मी खोक्यात भरले. सभेत शेरा वाचताना तो मला पटला नव्हता, कारण काकूंचा माल मला माहीत आहे. तरी नंबर माझा नाही म्हटल्यावर मी मोठ्याने वाचला. तू चूक केलीस, पण मी तर काकूंच्या तोंडाकडे बघत बघत वाचलं.

तू त्यांना काहीही लिहू नकोस. साहेबालाही नाही. तुझं घर त्या नोकरीवर चालतं. इकडचं मी निस्तरतो. मोठ्या बहिणीने एकदा तरी धाकट्याचं ऐकावं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

आन्सेल्म


मोर्न-पास्काल
१५ जून १९९७

चि. यूजेनीस क्लेमान्सकाकूचे अनेक आशीर्वाद.

बाई गं, कसं लिहू? तुझ्या भावाने मागच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर सगळ्यांसमोर उभं राहून कबूल केलं. आपल्या सडक्या मालाच्या खोक्यांवर माझ्या धन्याचा नंबर त्याने स्वतः मारला म्हणे. विलायतेतल्या लोकांनी जे दिसलं ते लिहिलं, त्यांचा काही दोष नाही, असंही म्हणाला.

माझा नंबर परत मिळाला. त्याचा गेला, सचिवपदही गेलं. काल माझ्या इर्जिकीला तीस माणसं आली, पुरेल तेवढं रांधता रांधता हात मोडले. त्याच्या बांधावर मात्र कुणी पाय ठेवत नाही. त्याची बायको पोरं घेऊन माहेरी गेली. मला त्याची कीव येत नाही. ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं, त्याने माझ्या मेलेल्या नवऱ्यालाही सोडलं नाही.

पण तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या आईच्या पोटी एक तरी सरळ निघालं. तुझ्यासाठी मी दर रविवारी मेणबत्ती लावते. थोरली आहेस, त्याला चार खडे बोल लिही, तुझं ऐकेल.

अशीच चांगली राहा.

तुझी क्लेमान्सकाकू


ब्रॅडफर्ड
४ जुलै १९९७

ती. क्लेमान्सकाकूंस,

साष्टांग नमस्कार लिहायचा, पण आधी बाकीचं वाचा.

माझ्यासाठी मेणबत्ती लावू नका. केळी आन्सेल्मची होती आणि ती खराब होती, एवढं खरं. पण खोक्यांवर नंबर त्याचाच होता. इथल्या गोदामात खोकी मीच तपासते; काकांचा नंबर कागदावर मी लिहिला, दोनदा, माझ्या हाताने. आन्सेल्म चर्चमध्ये जे खोटं बोलला ते माझी नोकरी वाचावी म्हणून. आणि मी दोन महिने सगळं त्याच्यावर टाकून बसले.

आज सकाळी साहेबाला सांगून आले. उद्यापासून कामावर जायचं नाही. हे पत्र सभेत वाचा, शाळेतल्या बाईंना मोठ्याने वाचायला सांगा. आणि मग, काकू, तुमच्यात ताकद असेल तर त्याच्या बांधावर जा. तुम्ही गेलात तर गाव जाईल.

शेवटी आशीर्वाद मागायची रीत आहे. ते तेवढे त्याला द्या.

यूजेनी